भौतिकशास्त्रात उणे तीन

जून लागला की आमच्या बंदरावर समुद्र बंद होतो आणि इंजिनं उघडतात. दोन महिने मासेमारीला बंदी. लहान होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, मोठ्या ट्रॉलर आत आडोशाला नांगरलेल्या, आणि त्यांच्या पोटातली इंजिनं सुटी होऊन ताडपत्रीवर मांडलेली. जळकं तेल, ग्रीस, ओला सुंभ यांचा मिळून एक वास त्या दिवसांत मालवणच्या किनाऱ्यावर धरून असतो. माझे बाबा गेली तीस वर्षं त्या वासात काम करतात. ते होड्यांच्या इंजिनांचे फिटर. बंदरावर त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांचे ते मेस्त्री.

मी फोंडाघाटाजवळच्या एका गावात गुरांची डॉक्टर आहे. पंधरा दिवसांतून एकदा घरी येते. गेल्या खेपेला आले तेव्हा बाबा बंदरावर होते, म्हणून तिकडेच गेले. ते एका इंजिनावर वाकले होते आणि होडीचा मालक शेजारी मोबाईल बघत बसला होता. "नीटचो निकाल लागलो वाटता," तो सहज म्हणाला. "गावातली कोण कोण आसत काय म्हायत." बाबांनी मान वर केली नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त त्यांच्या हातातला पाना एका नटावर जरा जास्त वेळ थांबला आणि मग पुन्हा फिरू लागला.

माझा नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला त्याला सात वर्षं झाली.

लोक म्हणतात, दुःखाचे दिवस विसरता येत नाहीत. माझी अडचण वेगळी आहे. त्या वर्षीचे जून ते सप्टेंबर मला दिवसागणिक आठवतात, पण त्यांत दुःख असं कुठे सापडत नाही. शिंग कापायचं असलं की मी जनावराच्या शिंगाच्या मुळाशी आधी इंजेक्शन देते. मग ते रवंथ करत उभं राहतं. त्याला करवतीचा आवाज ऐकू येतो, डोकं हलतंय हे कळतं, आपल्याला काहीतरी करताहेत हेही कळत असणार. पण ते उभं राहतं. मी तशी चार महिने उभी होते.

निकाल लागला त्या दिवशी बाबा एका ट्रॉलरच्या पोटात होते. मी धक्क्यावरून आत उतरले आणि मोबाईल पुढे केला. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत काळे.

"वाच तूच. माझे हात बघ कशे आसत."

मी वाचलं. जीवशास्त्रात तीनशे साठपैकी तीनशे एकतीस. बाबांचे दात दिसले. रसायनात एकशे बारा. त्यांनी मान हलवली, चालेल अशा अर्थाने.

"आणि फिजिक्स?"

"मायनस तीन."

"मायनस?" त्यांनी चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसायला लागले. "म्हणजे शून्याच्या पण खाली?"

"हो."

"ता कसा काय झाला?"

आम्ही घरात मालवणीच बोलतो. पण त्यानंतरचं वाक्य माझ्या तोंडून स्वच्छ पुस्तकी मराठीत आलं. "उत्तरपत्रिकेतले गोळे एक ओळ खाली सरकले, बाबा. उत्तरं बरोबर होती, पण गोळे चुकीच्या ओळीत रंगवले गेले."

मी ते ठरवून आले नव्हते. पण बोलून झाल्यावर बाबांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. इंजिनातला बिघाड सापडला की त्यांचा चेहरा तसा होतो.

"मगे तुझा काय चुकूक नाय," ते म्हणाले. "कागदाचा चुकला. कागदाचा दुरुस्त करता येता."

खरं काय झालं होतं ते सांगते. परीक्षेच्या हॉलमध्ये मी जीवशास्त्र आधी सोडवलं, मग रसायन. दोन्ही भाग मनासारखे गेले. भौतिकशास्त्राकडे वळले तेव्हा पन्नास मिनिटं शिल्लक होती. पहिला प्रश्न मी चार वेळा वाचला. शब्द ओळखीचे होते, पण एकही आत येत नव्हता. दुसरा वाचला. तिसरा. मी घाबरले असते तर बरं झालं असतं, रडले असते तर पर्यवेक्षक बाईंनी पाणी तरी दिलं असतं. मला काहीच झालं नाही. मी पेन घेतलं आणि गोळे रंगवायला लागले. एक, तीन, चार, दोन. कडेच्या बाहेर न जाऊ देता, नीट. चुकीच्या उत्तराला गुण कापतात हे मला पाठ होतं. कोरं सोडलं तर शून्य तरी पडेल, हेही माहीत होतं. पण कोरा कागद कोरा दिसतो. रंगवलेल्या कागदामागे काहीतरी असेल असं लोकांना वाटतं. शेवटी हात अवघडला म्हणून दोन प्रश्न राहिले, तेवढेच.

बाहेर आल्यावर फाटकाशी एक मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. तिचे गोळे खरंच सरकले होते. मी तिच्या शेजारून गेले. महिनाभराने तिचं दुःख उचलून मी बाबांना माझं म्हणून दिलं.

भौतिकशास्त्र मला अकरावीपासूनच कळत नव्हतं. कोल्हापूरला वसतिगृहात राहून क्लास करत होते. पहिले दोन धडे समजले आणि नंतर सर कुठे गेले आणि मी कुठे राहिले ते कळलंच नाही. सांगायचं कुणाला? लहानपणी मी बाबांच्या शेजारी बसून त्यांना लागेल तो पाना द्यायची. त्यांनी "तेरा-चौदा" म्हटलं की तेरा-चौदा, "सतरा" म्हटलं की सतरा, न बघता. बंदरावरची माणसं कौतुक करायची आणि बाबा म्हणायचे, "तिका फिजिक्सची भीती नाय. फिजिक्स तिच्या रगतात आसा." पुढे मास्तरही म्हणू लागले, नातेवाईकही. एखादी गोष्ट आपल्या रक्तात आहे असं सगळ्या गावाला माहीत असलं, की ती नाही हे सांगायला तोंड उघडत नाही.

त्या जूनमध्ये बाबांनी बंदर सोडलं. फिटरचे हेच दोन महिने कामाचे. नऊ इंजिनं त्यांनी अंगावर घेतली होती, त्यातली चार उघडून ठेवलेली. पण ते सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालायचे, प्लॅस्टिकची फाईल बगलेत मारायचे आणि मला म्हणायचे, "चल गो." कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेलो. ओरोसला एका वकिलांकडे गेलो. कुडाळला कुणाचा तरी मुलगा दिल्लीच्या कार्यालयात असतो असं कळलं, तिथे गेलो. बाहेर बाबा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. 'तांत्रिक चूक' हा शब्द त्यांनी शिकून घेतला होता. "महोदय, माझ्या मुलीची तांत्रिक चूक झालेली आहे," असं ते उभ्यानेच सुरू करत आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असे. संकष्टी कधी, पौर्णिमा कधी, सगळं पाठ झालं होतं. मला लाज वाटायला हवी होती. मी ती शोधत होते, हे आठवतं.

होड्यांचे मालक घरी येऊ लागले. पडवीत उभे राहून म्हणत, "मेस्त्रीनू, इंजिन उघड्यार पडला हा. कधी येतास?"

"येतंय. आधी ह्या चेडवाचा काम," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणत.

आई अंगणवाडीत मदतनीस. ती फार बोलत नाही. एका सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "एक तारखेक समुद्र उघडतलो. मगे काय करतलास?" बाबांनी कप तोंडाला लावला. ती माझ्याकडे वळली आणि जरा जास्त वेळ बघत राहिली. मी भांडी उचलून मोरीवर गेले.

जुलैच्या मध्यावर बाबा म्हणाले, "कोल्हापूरच्या सरांक भेटूया. ते जाणकार."

एसटी घाट चढत होती आणि बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला गोळे कसे सरकले ते सांगत होते. तो माणूस फोंड्याला काजूच्या बागेत काम करणारा. तोही हळहळला. म्हणाला, "मशीनवर कोण विश्वास ठेवता?" बाबांना तो फार आवडला.

भौतिकशास्त्राच्या सरांनी आम्हाला बसायला सांगितलं. बाबा बोलत असताना त्यांनी मागच्या कपाटातून एक फाईल काढली. आमच्या दर रविवारच्या चाचण्यांचे गुण त्यात होते. त्यांनी पान उलटलं, बोट एका ओळीवरून सरकवत नेलं आणि थांबले. मग माझ्याकडे बघितलं.

बाबा म्हणत होते, "सर, पोरीचा काही दोष नाही. तिचं फिजिक्स तुम्हाला तर माहीतच आहे."

सरांनी फाईल बंद केली.

"उत्तरपत्रिकेची प्रत वेबसाईटवर मिळते," ते म्हणाले. "मी काढून देतो. बरोबर उत्तरांची यादीही देतो. तुम्ही घरी शांतपणे लावून बघा. तुम्ही इंजिनाचं काम करता ना? मग तुम्हाला जमेल." आणि मला विचारलं, "पाणी हवं का?"

मी नको म्हटलं. त्यांनी मला वाचवलं की बाबांच्या हवाली केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा पडवीत बसले. चष्मा, स्टीलची पट्टी, दोन कागद. मी उंबऱ्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. त्यांनी आधी पत्रिका जशी होती तशी लावली. पुटपुटत होते, "एक... तीन... चार... दोन..." आठ बरोबर आले. त्यांनी मान हलवली. हे अपेक्षितच होतं, निकालाला धरून. मग त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अकरा.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजले. अकराच. मग त्यांना वाटलं असावं की मी सांगताना चुकले, वरची ओळ म्हणायचं होतं. पट्टी वर सरकवली. नऊ. दोन ओळी खाली सरकवली. न सुरू होणाऱ्या इंजिनाला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. ते आधी नोझल बघतात, मग पंप, मग गॅस्केट, एकेक सुटं करत जातात. तसेच ते त्या कागदावर काम करत होते. कुठे सरकवली म्हणजे सगळं जुळेल ती जागा ते शोधत होते. तशी जागा त्या कागदावर नव्हती, हे घरात फक्त मला माहीत होतं. आणि मग हळूहळू त्यांनाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी पट्टी खाली ठेवली. कागद घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, आत जाऊन कपाटात ठेवले आणि आईला म्हणाले, "वायच चाय टाक."

मी आठळ्या सोलत होते. हे लिहिताना मी त्या दुपारी मला काहीतरी वाटलं असेल म्हणून पुन्हा पुन्हा आठवून बघते. आठळीची साल नखात गेली होती, ते आठवतं. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला नाही. तेलाचे कपडे घालून ते बंदरावर गेले. दोन मालकांनी तोवर देवगडहून दुसरा फिटर आणला होता. उरलेली सात इंजिनं बाबांनी एक तारखेच्या आत जोडून दिली. त्या दिवसांत ते घरी येत ते फक्त जेवायला. मला काही विचारलं नाही. आवाज चढवला नाही. अबोलाही धरला नाही. "मीठ दी," "छत्री खंय गेली," असं सगळं बोलायचे. तेच कठीण होतं, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा मी मीठ देत होते, एवढंच.

समुद्र उघडल्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ह्या मार्कांत अजून काय काय भरूक गावता?" आम्ही एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मी एकेक अभ्यासक्रम वाचत गेले. दातांचा, आयुर्वेदाचा, मग पशुवैद्यकीय.

"ह्यो गुरांचो?"

"होय."

"फिजिक्स असता तेच्यात?"

"नाय. फारसा नाय."

"भर मगे," ते म्हणाले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी भरलं. मला गुरांची आवड होती असं नाही. नावड होती असंही नाही. चौकोनात टिचकी मारली आणि पान पुढे सरकलं. चतुर्थीच्या दोन दिवस आधी यादी आली. विदर्भातलं कॉलेज. आईने देवापुढे गूळ ठेवला.

चतुर्थीला मुंबईहून काका आणि त्यांचं घर आलं. गणपतीवरच्या माटवीला काकड्या, दोडके, कवंडळं लटकत होती. आरती झाली, घरात पंधरा-वीस माणसं, आणि काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अरे, हिचं काय झालं? डॉक्टर व्हायची होती ना? गुरांची डॉक्टर कशी काय?"

मी प्रसादाचं ताट घेऊन उभी होते. मी बाबांकडे बघितलं. ते गणपतीकडे बघत होते.

"तिचे गोळे सरकले रे," बाबा म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वेळ कमी राहिला होता, पान उलटताना तिची एक ओळ चुकली, मग पुढचे सगळे गोळे एकेक घर खाली जात राहिले. डाव्या तळहातावर उजव्या हाताचं बोट ठेवून त्यांनी ते करून दाखवलं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी नीट. "एका ओळीन गेला सगळा. नायतर फिजिक्स तिच्या रगतात आसा."

"शी! नशीब बघ," काकी म्हणाली. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईने समईतली वात पुढे सारली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही माहीत आहे. मी ताट घेऊन एकेकाच्या हातावर प्रसाद ठेवत गेले. बाबांच्या हातावर ठेवला तेव्हाही त्यांनी वर बघितलं नाही.

ते अजून तसंच सांगतात. मला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना बंदरावर सांगितलं. मुंबईच्या चुलत बहिणीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांना सांगितलं. आता त्या गोष्टीत पर्यवेक्षक बाई आल्या आहेत, बंद पडलेलं घड्याळ आलं आहे. मी तिथे असले तर मान हलवते. बरेचदा मला वाटतं, खोटं एकदाच बोलले ते मी, आणि ते सांभाळायचं काम मात्र सात वर्षं बाबा करताहेत.

त्या वर्षी विसर्जन झालं आणि मी कॉलेजला निघाले. बाबा कोल्हापूरपर्यंत सोडायला आले. पुढची गाडी तिथून होती. फोंडाघाट गाव मागे पडलं आणि एसटी पहिल्या गिअरमध्ये वळणं घेऊ लागली. बाबा नेहमीसारखे गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत बसले होते. दरीत ढग होते. चारपाच वळणं झाल्यावर, खिडकीबाहेर बघतच, ते म्हणाले,

"फिजिक्स कधीपासून कळत नव्हता?"

मला वाटलं छातीत धस्स होईल. झालं नाही.

"अकरावीपासून."

"मगे सांगूक कित्या नाय?"

"तुमी म्हणत होतास, रगतात आसा."

पुढच्या बाकावरच्या बाईने मुलाच्या नाकाशी लिंबू धरलं होतं. कंडक्टर दांड्याला टेकून झोपला होता. मग बाबा हळूच म्हणाले, इंजिनाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल इतकं,

"दहावीक विज्ञानात मी दोनदा नापास झालंय. म्हणान तर पानो हातात धरलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं.

"आजोबांक काय सांगितलास?"

"मास्तर माझेर डूख धरता म्हणान सांगितलंय."

"मगे?"

"मगे काय." बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "बापूस माझो काठी घेवन शाळेत गेलो मास्तराक मारूक. भर वर्गात. मी बाकावर बसान बघत होतंय."

"आणि तुमी काय केलास?"

"काय करतलंय? बघत रवलंय."

गाडीने एक मोठं वळण घेतलं आणि आम्ही दोघं एकमेकांवर कललो, पुन्हा सरळ झालो. मला वाटलं घाट लागला, आता उलटी होणार. मी खिडकीची काच वर केली, गार वारा आत घेतला, थांबले. पण ते तसलं नव्हतं. जरा वेळाने लक्षात आलं.

"बाबा," मी म्हटलं, "माका भूक लागली."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. जूनपासून मी असं एकदाही म्हटलं नव्हतं. मग पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. आईने घावणे फडक्यात घट्ट बांधले होते, गाठ सुटेना. त्यांनी एका हाताने समोरचा दांडा धरला आणि वळणावळणाला हेलकावत, दातांनी ती गाठ सोडवायला सुरुवात केली.